पलंग आधी गेला

वहिनी, थकले हो मी. काल तुमचा तेरावा झाला, माणसं जेवून आपापल्या घरी गेली, उसनी आणलेली पातेली चाळभर ज्याची त्याला पोचवून झाली. आज पहिल्यांदा जरा भिंतीला टेकले आणि सवयीनं तोंडातून निघून गेलं, "वहिनी, चहा टाकताय ना?" ह्यांनी पेपर खाली केला, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा पेपर वर केला. तुमचा दीर तुम्हाला काय नवा आहे? ह्या माणसाला रडू आलं की पेपर लागतो. मग म्हटलं, तुमच्याशीच बोलावं. माझी कटकट ऐकून घ्यायची सवय ह्या घरात तुम्हालाच होती.

समाचाराला येणाऱ्यांची मोठी पंचाईत होत होती बघा. "कोण लागत होत्या तुमच्या?" "जाऊ. थोरली." "असं होय," म्हणायचे आणि हवापाण्यावर यायचे. सासू गेली असती तर छत्र हरपलं म्हणाले असते. बहीण गेली असती तर मला जवळ घेतलं असतं. जाऊ गेल्यावर काय बोलायचं हे कोणी ठरवूनच ठेवलेलं नाही. जावाजावांचा उभा दावा, एवढंच लोकांना पाठ. शेवटच्या खोलीतली ती बाई तर म्हणाली, "चला, आता घर तुमचं एकटीचं झालं." मी तिला चहा विचारला नाही. तुम्ही असता तर दिला असता, बिस्किटं पण दिली असती, आणि तिची पाठ वळल्यावर कपबशी विसळता विसळता असा एकच शब्द टाकला असता की मी पोट धरून खाली बसले असते. तो शब्द कोणता असता याचा मी दोन दिवस विचार करतेय. मला नाही सुचत.

मी ह्या घरात आले तेव्हा भावोजी जाऊन वर्ष झालं होतं. तुमचं वय तरी काय होतं तेव्हा! मी शाळेत नोकरी धरते म्हटल्यावर घरात केवढा गहजब झाला, आठवतंय? वन्सं खास दादरहून आल्या होत्या, धाकट्या भावाच्या बायकोला अक्कल शिकवायला. मास्तरीण होऊन चार पोरांत उभं राहणं म्हणजे घराण्याची अब्रू वेशीला टांगणं, इथपर्यंत त्यांची गाडी गेली. सगळे बोलून दमल्यावर तुम्ही परातीतून मान वर न करता म्हणालात, "जाऊ दे तिला. पोळ्या मी लाटते." झालं. विषय संपला. त्या दिवसापासून मी म्युनिसिपालिटीच्या शाळेत पाढे घेते आणि तुम्ही पोळ्या लाटत होता. माझा मधू लहानपणी आजारी पडला की त्याच्या उशाशी तुम्ही असायचात आणि मी शाळेतून धापा टाकत यायची. मला याचं वाईट वाटायचं आणि हायसंही वाटायचं. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर म्हणाला असता, "बरं मग? भाजी चिर."

आणि तो पलंग. तुमच्या वडिलांनी आंदणात दिलेला, शिसवी, चार खांबांचा, मच्छरदाणीच्या दांड्यांसकट. चाळीतल्या आपल्या दोन खोल्यांत तो कोणी आणि कसा चढवला देव जाणे. बाहेरच्या खोलीत बापलेक झोपायचे. आतल्या खोलीत चुलीची बाजू सोडली की उरलेल्या जागेत तुमचा पलंग, आणि पलंग सोडून उरलेल्या जागेत मी. भावोजी गेल्यावर वन्संनी एकदा काढलं होतं म्हणे, की आता वहिनींनी खालीच अंथरूण घालावं, विधवा बाईनं पलंगावर झोपू नये. तेव्हा सासूबाई गरजल्या, "पलंग तिच्या बापानं दिलाय, तुझ्या नाही!" वन्संचा बाप म्हणजे त्यांचाच नवरा, पण रागाच्या भरात असलं कोण बघतंय! ही गोष्ट तुम्ही मला निदान शंभरदा सांगितलीत आणि प्रत्येक वेळी आधी तुम्हीच हसायला लागायचात.

तेव्हापासून पलंग हीच तुमची ह्या घरातली जागा, असं मी धरून चालले होते. भांडी सगळ्यांची, कपाट सगळ्यांचं, मोरी तर अख्ख्या मजल्याची. पलंग तेवढा वहिनींचा. पाहुणे आले तरी त्यावर कोणी बसत नसे. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण पुढचं सगळं ह्यावरच अडलं.

पलंगाला ढेकूण झाले. झाले म्हणजे काय, होतेच, पण गेल्या दोनेक वर्षांत त्यांनी ताळ सोडला. रविवार आला की आपलं ठरलेलं. गाद्या गॅलरीत टाकायच्या, फळ्या काढायच्या, उकळतं पाणी सांध्यासांध्यांत ओतायचं, मग रॉकेलचा बोळा. तुम्ही केरसुणीची काडी घेऊन फटी टोकरत बसायचात आणि एखादा सापडला की म्हणायचात, "हा बघ, हा माझ्या लग्नातला आहे." सगळ्या मजल्याला रॉकेलचा वास. आणि पुढच्या रविवारी पुन्हा तेच. शेवटी मीच चिंचपोकळीच्या मेस्त्रींना गाठलं. मालवणकडचा माणूस, हात चांगला, फक्त त्याचं "उद्या" कधी उगवत नाही. त्याला सांगितलं, सागवानी पलंग करा, साधा, नक्षीबिक्षी नको, फटी कमी, एका माणसापुरता. माझ्या वहिनींसाठी.

आता यात अवघड काय होतं, सांगा! पण नवा पलंग म्हटल्याबरोबर ज्याला त्याला मधूचं लग्न दिसायला लागलं. पोरगा नुकता नोकरीला चिकटला होता ना. वन्सं म्हणाल्या, "हुशार आहेस हो कुसुम, सून यायच्या आधीच सोय केलीस." मी म्हणायची, "वहिनींचा आहे तो." त्या म्हणायच्या, "असू दे, असू दे." शेजारीपाजारी तेच. आणि तुम्ही? तुम्ही एका शब्दानं माझ्या बाजूनं बोलला नाहीत. मी तुमच्याकडे बघायची, तर तुमचं आपलं एकच, "येऊ दे तर खरा." मला तेव्हाच टोचलं होतं. म्हटलं, ही बाई मनातून समजून बसलीय की पलंग पोरासाठीच आहे आणि हिची जागा गेली.

त्यात तुम्ही तो उद्योग केलात. मी शाळेतून आले तर आपली कोळीण दारात पाटी ठेवून बसलेली, आणि तुमची तिच्याशी बोलणी चाललेली. तिची मुलगी बाळंतपणाला माहेरी माझगावला आली होती, घरात जमिनीला ओल.

"पलंग नेतेस?" तुम्ही विचारलंत. अगदी वाटीभर साखर विचारावी तसं.

"अवं बाय, एवरा मोटा?"

"ढेकूण आहेत हो त्यात. आधीच सांगते."

"आमच्याकरं काय कमी हायत ढेकून? हे तुमचं पाव्हनं म्हनून र्‍हातील," असं म्हणून ती जी हसली!

मी चपलासुद्धा काढल्या नव्हत्या. "वहिनी, अहो नवा येईपर्यंत थांबा की! तो मेस्त्री म्हणजे काय आगगाडी आहे का वेळेवर यायला?"

"जुना गेल्याशिवाय नवा येत नाही."

"कुठल्या पोथीत लिहिलंय?"

"मीच म्हणतेय ना!"

"आणि तोवर झोपणार कुठे?"

"तू कुठे झोपतेस?"

दुसऱ्या दिवशी कोळिणीच्या घरची चार गडीमाणसं आली आणि वाकडं तिकडं करत, कठड्याचे दोन टवके काढत पलंग खाली घेऊन गेली. मी रडेन असं तुम्हाला वाटलं होतं वाटतं, कारण तुम्ही मला उगाच कोथिंबीर निवडायला बसवलंत. तुमच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. बापाची एवढी एक वस्तू, पण गॅलरीत जाऊन वाकून बघितलंसुद्धा नाहीत. पदर खोचलात आणि पलंगाखालची लादी घासायला घेतलीत. इतकी वर्षं कोणाचा पाय न लागलेली लादी, बाकीच्या खोलीहून वेगळीच दिसत होती. ती रिकामी जागा बघून मला भडभडून आलं. वाटलं, ही बाई स्वतःच्या हातानं स्वतःची जागा पुसून टाकतेय. आणि आपण आपलं बघत बसलोय.

मेस्त्री चार दिवसांत आणतो म्हणाले होते. चार दिवसांत मुंबई पेटली. मुंबई महाराष्ट्राला द्यायची नाही म्हटल्यावर गिरगाव काय गप्प बसणार होतं! हरताळ, मोर्चे, ठाकुरद्वारच्या नाक्यावर अश्रुधूर, मग संचारबंदी. शाळा बंद, ह्यांचं ऑफिस बंद. मधूचा घसा घोषणा देऊन असा बसला की त्याला मीठपाण्याच्या गुळण्या करायला लावून तुम्हीच विचारायचात, "मिळाली का रे मुंबई?" तो खुणेनं नाही म्हणायचा. "मिळेल, मिळेल. ती मिळेल तेव्हा मिळेल, आधी माझा पलंग मिळू दे." बाहेर माणसं मरत होती, वहिनी, आणि तुमचं तोंड काही बंद होत नव्हतं. पण गोळीबाराची बातमी आली त्या दिवशी तुम्ही भात टाकला नाहीत. कोणी विचारलंही नाही.

त्या संचारबंदीच्या दुपारी मला राहून राहून आठवतात. इतक्या वर्षांत मी भर दुपारी घरात अशी नव्हतेच कधी. जेवणं झाली, ओटा आवरला की आपण दोघी आतल्या खोलीत सतरंज्या टाकून आडव्या व्हायचो. तुम्ही नेहमी वर, मी नेहमी खाली. तुमचं बोलणं मला वरून यायचं, मी फळ्यांकडे बघत हूं हूं करायची. आता पहिल्यांदा तुमचं तोंड माझ्या तोंडासमोर होतं. तुमच्या डाव्या भुवईत एकच पांढरा केस आहे हे मला तेव्हा कळलं. म्हटलं, उपटू का? तर म्हणालात, "राहू दे. एकटा आहे बिचारा." केवढं बोललो आपण! तुमच्या माहेरच्या विहिरीबद्दल, भावोजींच्या घोरण्याबद्दल, माझ्या हेडबाईंच्या नकला तर तुम्ही मला पुन्हा पुन्हा करायला लावल्यात. बाहेर पोलिसांची गाडी फिरायची आणि आपण तोंडात पदर कोंबून हसायचो. मला वाटायचं, मेस्त्रींनी अजून आठवडाभर येऊ नये.

अशाच एका दुपारी मी धीर करून विचारलं. "वहिनी, खरं सांगा. आम्ही तुमची जागा काढून घेतोय असं वाटलं का तुम्हाला? म्हणून दिलात पलंग?"

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. हसलात की नाही ते मला आजही नक्की सांगता येणार नाही. म्हणालात, "झोप आता. शाळा नाही तर जरा पाठ टेक."

"मी काय विचारलं?"

"ऐकलं मी."

आणि कूस बदललीत. वहिनी, याला उत्तर म्हणतात का? त्यानंतर आठवडाही नाही राहिलात तुम्ही. मी तेव्हाच तुम्हाला हलवून उठवायला हवं होतं. मला वाटलं, विचारू उद्या. मेस्त्रींचं उद्या, तसंच माझंही.

मध्ये वन्सं येऊन गेल्या तो प्रकार सांगते. तुम्हाला ठाऊक आहे, पण मला पुन्हा सांगू दे, तेवढंच बरं वाटेल. संचारबंदी दिवसा उठवल्याबरोबर त्या दादरहून धावत आल्या, सगळे धड आहेत ना बघायला. तुम्ही लादीवर सतरंजी टाकून उताण्या, अंगावर पांढरी चादर, डोळे मिटलेले. मी शेजारी बसून तुमच्या डोक्याला तेल लावतेय. पलंग नाहीसा. वन्संनी उंबऱ्यातच कपाळावर हात मारला. "अगं बाई गं! वहिनींना खाली घेतलंत? आणि मला निरोप धाडावासा वाटला नाही तुम्हाला!" माणूस शेवटच्या घटकेला आलं की त्याला पलंगावरून खाली घेतात, तेवढंच त्यांच्या डोक्यात. त्यांनी जो सूर लावला, सगळा मजला गोळा झाला. एकजण तर गंगेची लोटी घेऊन आली. तुम्ही एक डोळा उघडलात आणि म्हणालात, "वन्सं, चहा घेणार की गंगाच?"

मजला दोन दिवस हसत होता. वन्संनी मात्र पदराला डोळे पुसत तुमचे दोन्ही हात धरले होते, आणि बराच वेळ सोडले नाहीत. त्या वाईट नाहीत हो. तुम्हीच म्हणायचात.

आणि मग ती दुपार. तशीच. तुम्ही आडव्या झालात, मी वह्या तपासत होते. चहाच्या वेळेला हाक मारली. दुसऱ्यांदा मारली. एवढंच झालं. डॉक्टर म्हणाले, हृदय. त्रास झाला नसेल म्हणाले. माझ्यापासून हातभर अंतरावर, वहिनी! एक शब्द तरी! इतर वेळी पोळी करपली तर तीन वाक्यं बोलायचात.

वन्सं आल्या. ह्या खेपेला रडल्या नाहीत. म्हणाल्या, "पुण्यवान बाई. जमिनीवर गेली. कोणाला खाली घ्यावं लागलं नाही." खरंय ते. तुम्हाला उचलून खाली ठेवायची वेळ कधी आली असती आणि ती आली हे कोणी ठरवलं असतं? ह्यांच्यानं झालं नसतं. माझ्यानं तर नाहीच. ते आमच्यावर आलं नाही. याबद्दल तुमचे उपकार मानायचे की तुमच्याशी भांडायचं, हे मला अजून कळलेलं नाही.

पण मग चाळ बोलायला लागली. "त्यांना कळलं होतं हो. आवराआवर करून ठेवली." "पलंगसुद्धा देऊन टाकला. मायाच तोडली." प्रत्येक येणारी बाई हेच. आवराआवर, आवराआवर! मी ऐकत होते आणि आतून खचत होते. कळलं होतं म्हणजे काय? आपल्या शेजारी झोपून, भुवईतल्या पांढऱ्या केसावर विनोद करत ही बाई निघायची तयारी करत होती? आणि का? तर ह्या घरात आपली जागा उरली नाही म्हणून? लोकांना ते ऐकून बरं वाटत होतं. मला जेवण जात नव्हतं.

तेराव्याला शय्यादान करायचं निघालं. गेलेल्या माणसाच्या नावानं पलंग, गादी, उशी, छत्री, चपला द्यायच्या. वन्सं म्हणाल्या, "जुना तर राहिला नाही. पण देवानंच सोय केलीय, नवा कोरा येतोय तो देऊ." ह्यांनी पेपर वर केला. म्हणाले, "कुसुम म्हणेल तसं." माझ्यात भांडायचं त्राण नव्हतं. म्हटलं, द्या. नाहीतरी त्यावर झोपणार कोण! मधूला देऊन तो रोज डोळ्यांसमोर बघणं तर माझ्यानं झालंच नसतं.

तेराव्याच्या आदल्या दिवशी दुपारी हातगाडी आली. मेस्त्री जिन्यातूनच ओरडत, "थोरल्या वयनींका बोलवा आधी! माप बघूंदेत!" चिंचपोकळीपर्यंत बातमी पोचली नव्हती. दारात आले आणि तसबिरीला घातलेला हार बघून माणूस खाली बसला. मी पाणी दिलं. मग त्यांची माणसं पलंग वर आणायला लागली, तर तो दारातून येईना. आडवा येईना, उभा येईना. शेवटी सुटा केला आणि आत नेऊन जोडला. आतली खोली भरली, वहिनी. भिंतीपासून कपाटापर्यंत पलंगच पलंग.

माझं डोकं फिरलं. एवढ्या दिवसांचा शीण, सगळा मेस्त्रींवर निघाला. "मी एका माणसापुरता सांगितला होता! हे काय मांडून ठेवलंत?"

"थोरल्या वयनींनीच सांगितल्यानी, बाई. जुनो गेलो त्येच्या दुसऱ्या दिवशी मी माप घेऊक इल्लंय. तुमी शाळेत होतात. म्हनाल्या, आता जागा मोकळी झाली, ह्या भिंतीपासून त्या कपाटापर्यंत घे."

वन्सं पुढे झाल्या. "बघ, मी म्हणत नव्हते? दोघांचा केलाय. मधूचाच."

"दोघांचो न्हय ओ," मेस्त्री म्हणाले. "दोघींचो."

आयुष्यभर मी पोरांना काना कुठे आणि वेलांटी कुठे ते शिकवत आलेय. मला ते नीट ऐकू येऊनही कळेना. "काय म्हणालात?"

"दोघींचो. त्येनीच म्हटल्यानी. म्हनाल्या, 'धाकटी माझी दिवसभर शाळेत उभी असते आणि सकाळी लादीवरून उठताना हात टेकून कण्हते. तिला वाटतं मला ऐकू येत नाही. तिला वेगळा करून दिलास तर ती पोराला देऊन टाकेल. दोघींचा कर, म्हणजे झक मारत झोपेल. आणि मजबूत कर हो, आम्हाला अजून पुष्कळ वर्षं झोपायचंय.'"

वहिनी, मी तिथे सगळ्यांच्या देखत ओक्साबोक्शी रडले. तुम्ही गेलात त्या दिवशीही इतकी रडले नव्हते. पुष्कळ वर्षं! तुम्ही कसली आवराआवर करत नव्हता. तुम्हाला काही कळलंबिळलं नव्हतं. तुम्ही जागा सोडत नव्हता, माझ्यासाठी मोकळी करून घेत होता, आणि वर मला सांगत होता, जुना गेल्याशिवाय नवा येत नाही! एवढं बोलायला काय झालं होतं? जागा अडेल म्हणून मी नको म्हटलं असतं, हे खरं. भांडले असते. मग भांडायचं होतं ना माझ्याशी! त्यातही वर्षभर मजेत गेलं असतं.

रडं ओसरल्यावर मी वन्संना म्हटलं, "हा पलंग दानात जाणार नाही."

"अगं, मग शय्येचं काय करायचं?"

"वहिनींची शय्या वहिनींनी स्वतःच्या हातानं देऊन झालीय. कोळिणीच्या लेकीला. तिथे आता तिचं बाळ झोपतंय. गुरुजींना सांगा, पोचली."

ह्यांनी पेपर खाली ठेवला. घडी करून ठेवला. म्हणाले, "पलंग राहील." एवढं ठाम मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. मेस्त्रींना जेवू घालूनच धाडलं.

मग मी सरळ जाऊन त्या पलंगावर आडवी झाले. वन्संनी जीभ चावली, "कुसुम, उद्याचा दिवस जाऊ दे तरी! पलंगावर झोपू नये अजून." म्हटलं, "गादी कुठे आहे, वन्सं? नुसत्या फळ्याच आहेत." खरंच फळ्या होत्या, रंध्याचा वास होता, पाठीला टोचत होतं. पण मला इतकी झोप आली होती, वहिनी, इतकी वर्षांची झोप. नुसतं कुशीवर वळायचं होतं आणि वळता येईना. भिंतीकडची बाजू तुमची की माझी, हे आपलं ठरायचंच राहिलं.